साडूच्या ट्रॅक्टरला आपला लोडर

पूर ओसरला तेव्हा सासूबाईंच्या शेतात गुडघाभर गाळ बसला होता. ओढ्यानं वरच्या अंगाचा बांध फोडला आणि वाटेत जे सापडलं ते, माती, रेती, गोटे, कुणाच्या कुंपणाची तार, एक फुटकी बादली, सगळं आणून त्या एका शेतात टाकलं. आजूबाजूची शेतं वाचली. हेच खोलगट, म्हणून सगळं ह्याच्याच पदरात.

म्हातारी बांधावर उभी राहून म्हणाली, "देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. मला बघा, बांध फोडून दिलं."

तिला मुलगा नव्हता. दोन मुली, दोघी गावातच दिलेल्या. थोरलीचा नवरा इतकी वर्षं ते शेत कसत आला होता. गाव त्याला लोडरवाला म्हणायचं. त्याच्याकडे एक जुना, रेड्यासारखा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या तोंडाला त्यानं स्वतः उभं राहून करून घेतलेला लोडर होता. लोडर म्हणजे दोन लोखंडी हात आणि पुढे दात असलेली रुंद बकेट. कुठे ढिगारा उपसायचा असो, खड्डा भरायचा असो, कुणाची पडलेली भिंत बाजूला करायची असो, माणसं त्याच्याच दारात यायची. बकेटीच्या टोकानं तो जमिनीवरचं अंडं उचलेल, असं लोक म्हणायचे. अंडं कुणी ठेवून पाहिलं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं.

तो ट्रॅक्टर थंडीतच संपला. इंजिनाचा ब्लॉक उभा तडकला. मिस्त्रीनं वाकून पाहिलं, हात पुसले आणि घरातलं माणूस गेल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाला, "आता काही नाही." तेव्हापासून ट्रॅक्टर शेडमध्ये बकेट जमिनीला टेकवून बसून होता. लोडरवाला रोज सकाळी शेडवरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा.

आणि नेमका त्याच सुमारास साडूनं नवा ट्रॅक्टर आणला.

साडू म्हणजे धाकटीचा नवरा. गोरागोमटा, हसरा, बोलका. इतका बोलका की रस्त्यात भेटला तर माणसाची कामं राहायची. त्याचा ट्रॅक्टर छोटा होता, हल्ली निघालेत तसा, चकचकीत, अरुंद अंगाचा, मऊ सीटचा. लोडरवाल्यानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं होतं, "ह्याला मोठेपणी काय होणार?" सगळे हसले. साडूच सगळ्यात जास्त हसला. हेच त्याचं वाईट होतं. टोमणा मारावा तर तो टाळी द्यायचा.

तसं पाहिलं तर साडूनं त्याचं काही घोडं मारलं नव्हतं. पण एक गोष्ट लोडरवाल्याच्या मनात जुन्या काट्यासारखी रुतून होती. साडूकडून पहिली मागणी थोरलीला आली होती. ती जुळली नाही, सासऱ्यांनी थोरली लोडरवाल्याला दिली आणि पुढे दोन वर्षांनी तोच माणूस धाकटीला मागणी घालून घरात आलाच. ह्यावर कधी कुणी बोललं नाही. पण दोघी बहिणींच्या घरी काही कार्य असलं आणि साडू थोरलीला म्हणाला, "ताई, तुमच्या हाताचा चहा म्हणजे चहा," की लोडरवाल्याला तो चहा कडू लागायचा.

पुरानंतर म्हातारीनं दोन्ही जावयांना बोलावून घेतलं.

"मी आता सरळ बोलते," ती म्हणाली. "पेरणीआधी शेत मोकळं व्हायला हवं. जो मोकळं करील त्यानं ते पुढे कसावं. मला दोन्ही जावई सारखेच."

लोडरवाल्याला वाटलं, इतकी वर्षं जे आपलंच धरून चाललो ते म्हातारीनं एका वाक्यात बाजारात मांडलं. फावड्यानं तो गाळ निघायचा नाही. ट्रॅक्टर साडूकडे, लोडर ह्याच्याकडे.

साडू म्हणाला, "त्यात काय! दाजी, तुमचा लोडर माझ्या ट्रॅक्टरला बसवू. तुमच्यासारखा जाणकार असताना काळजी कसली?"

"बसायचा नाही," लोडरवाला म्हणाला. "तो मोठ्या अंगाला केलेला आहे. ह्या पोराच्या अंगात बापाचा कोट घातल्यासारखं होईल."

"मग कोट आल्टर करू की!"

आणि दारातून थोरली म्हणाली, "बसवतील ते. त्यांना येतं." नवऱ्याकडे न बघता. ते कौतुक होतं की सक्ती, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

लोडर जुन्या ट्रॅक्टरवरून उतरवायलाच अख्खा दिवस गेला. पिना गंजून बसल्या होत्या. त्यानं रॉकेल ओतलं, हातोड्यानं ठोकलं, खांद्यातून कळ येईपर्यंत ठोकलं. शेवटची पिन सुटली तेव्हा जुन्या ट्रॅक्टरचं तोंड एकदम वर उचललं गेलं, हलकं होऊन, आणि त्याला दावं सोडलेल्या जनावराची आठवण झाली. मग बैलगाडीत घालून दोन्ही हात, चौकट, बकेट, तेलाचे पाइप असं सगळं साडूच्या अंगणात नेऊन टाकलं.

वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणत. काडीसारखा माणूस, भुवया कायमच्या जळालेल्या, बोलणं कमी.

लोडरवाला म्हणाला होता ते खोटं नव्हतं. काहीच बसेना. जुनी चौकट इतकी रुंद की दोन्ही बाजूंना चार चार बोटं फट राहिली. तिथे जाड पट्ट्या भरल्या. चौकट नुसती पुढच्या बंपराला धरून चालणार नव्हती, सगळा भार तिथेच येऊन ट्रॅक्टरची छाती फुटली असती, म्हणून खालून थेट मागच्या चाकांच्या आसापर्यंत दोन लांब पट्ट्या नेल्या. मग कळलं की आडवा दांडा असा येतो की बॉनेटच उघडत नाही. तो कापून वाकवून पुन्हा जोडला. नवा ट्रॅक्टर बुटका, त्यामुळे बकेट जमिनीवर सपाट बसायच्या ऐवजी दातांवर उभी राहिली, नाक खुपसून चालणाऱ्या डुकरासारखी. उभे खांब खालून कापले. पाइपांचे आटे जुळेनात. साडू शहरात जाऊन पिशवीभर जोड घेऊन आला आणि प्रत्येक जोड हातात देताना विचारत राहिला, "हा का हो दाजी? हा नाही? मग हा?"

लोडरवाला चिखलात उताणा पडून ट्रॅक्टरच्या पोटाखाली काम करत होता. केसांत ठिणग्या, पाठीखाली ओल. तिथून त्याला फक्त पाय दिसायचे. साडूचे नवे बूट. धाकटीची पावलं. आणि थोरलीची पावलं, जी त्याला जेवण द्यायला म्हणून यायची आणि देऊन झाल्यावरही तिथेच घुटमळायची, बूट उभे असतील त्या बाजूला.

"किती गुळगुळीत आहे गं," थोरली म्हणत होती. बॉनेटवर हात फिरवत असणार. "आमचा नुसता धडधडायचा. बसलं की हाडं खिळखिळी."

"बसून बघा की ताई!" साडू म्हणाला.

"पाना द्या," ट्रॅक्टरखालून लोडरवाला ओरडला. "इथे माणूस मरतोय, पाना द्या!"

सगळ्यात वाईट बकेटीचं झालं. ठिणगी तिच्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ही भरली तर हा उचलणार नाही."

हे लोडरवाल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यानं तोंडातून काढलं नव्हतं, इतकंच.

"किती कापावी लागेल?" साडूनं विचारलं.

खडू ठिणगीच्या हातात होता, पण त्यानं तो लोडरवाल्यापुढे धरला. लोडरवाल्यानं बकेटीवर एक उभी रेघ मारली. मग पुसली आणि आणखी आत मारली. एक तृतीयांश बकेट गेली. ज्योत लागली, रंग जळाल्याचा वास सुटला, जुने थर एकेक करून उकलले, वरचा पिवळा, आतला लाल, त्याच्या आत त्यानं स्वतः पहिल्यांदा मारलेला राखाडी. कापलेला तुकडा खण्णकन पडला. साडूनं तो उचलून भिंतीशी नेऊन ठेवला आणि म्हणाला, "दाजी, ह्याची गुरांना पाणी पाजायला झकास कुंडी होईल!"

त्याच्या मनात काही नव्हतं. पण लोडरवाला उठला आणि नळावर जाऊन उगाचच हात धूत राहिला.

काम झालं तरी शेत लगेच हाती येणार नव्हतं. गाळ वरून सुकून चाक धरायला हवा होता. म्हणून सगळे थांबून राहिले. ह्या थांबण्यानंच घात केला.

थोरली दुपारी बहिणीकडे जायला लागली. आधी अधूनमधून जायची, आता रोज. भांडी झाली की पदर खोचून निघायचीच. परतताना चेहरा उजळलेला. एकदा तिच्या लुगड्याच्या काठाला ग्रीस दिसलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला ताट वाढायला वाकली तेव्हा तिच्या हातांना डिझेलचा वास आला. हा वास त्याच्या स्वतःच्या हातांना यायचा, आयुष्यभर, आणि ती नाक मुरडायची. आता तिच्याच हातांना येत होता आणि ती गुणगुणत होती.

"काय असतं रोज तिकडे?" त्यानं विचारलं.

"बहिणीकडे जायची बंदी आहे का?"

"बंदी कोण घालतंय. विचारलं."

"विचारायची पण एक रीत असते," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दुपारी ती गेल्यावर तो थोडा वेळ उंबऱ्यावर बसला, मग उठला. साडूच्या अंगणाची मागची भिंत पुरुषभर उंच होती. तो तिच्यापाशी पोचला तेव्हा पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि त्या आवाजावरून साडूचा.

"हळू... हळू ताई. आता सोडा. एकदम नाही हो! हं, असं. वा! वा! जमलं की!"

आणि थोरलीचं हसणं. ते हसणं त्यानं फार वर्षांत ऐकलं नव्हतं. पोटातून येणारं, पोरीसारखं.

भिंतीला एक खपली निघालेली जागा होती. पाय ठेवून वर बघता आलं असतं. त्यानं पाय ठेवलाही. मग काढला. काय दिसेल ह्याची भीती वाटली म्हणा, की जे डोळ्यांसमोर आलं होतं तेच त्याला पुरेसं झालं म्हणा. तो तसाच मागे फिरला. वाटेत कुणीतरी विचारलं, "काय लोडरवाले, काम झालं का बसवायचं?" तो पुढे चालत राहिला. घरी येऊन तो शेडमध्ये गेला आणि तोंड नसलेल्या त्या जुन्या ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला.

मागच्या बाजूला ड्रम पडला होता.

पुढे लोडर लावला की मागे वजन लागतं. पुढे बकेट भरून वर गेली की मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॅक्टर नाकावर जायला बघतो. म्हणून तो जुन्या ट्रॅक्टरच्या मागे दगडांनी भरलेला ड्रम टांगायचा. मोठ्या ट्रॅक्टरलाही तो लागायचा, मग त्या पोराला तर किती लागेल. साडूला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ठिणगीचं काम जोडण्यापुरतं. सांगणारा एकच होता.

त्या संध्याकाळी साडू मुद्दाम घरी आला. "दाजी, उद्या सुरू करू म्हणतो. सगळं झालं ना? काही राहिलं नाही ना?"

लोडरवाला बुटांचा चिखल काटकीनं काढत होता. मान वर न करता म्हणाला, "झालं सगळं."

सकाळी शेतावर निम्मं गाव जमलं. जुना लोडर नव्या ट्रॅक्टरला कसा दिसतो हे बघायलाच. म्हातारी बांधावर गोणपाट टाकून बसली. साडू टोपी तिरकी करून सीटवर चढला, लोकांना हात केला, आणि गाळात बकेट घातली.

पहिल्या खेपा नीट झाल्या. साडू भित्रेपणानं अर्धी बकेट घ्यायचा, मागे सरकायचा, बांधावर नेऊन टाकायचा. ट्रॅक्टर अरुंद असल्यानं जिथे जुनं धूड कधी वळलं नसतं तिथे हा गर्रकन वळत होता. लोक म्हणाले, "बघा, चपळ आहे." कुणीतरी म्हणालं, "लोडरला आता कुठे खरा ट्रॅक्टर मिळाला." लोडरवाला दोन पावलं पुढे आला.

"अर्ध्या अर्ध्यानं वर्ष जाईल," तो ओरडला. "भरून घ्या की!"

साडूनं मान डोलावली. ओला, चिकट गाळ काठोकाठ भरून घेतला आणि बांधाच्या उताराला लागला. उतारावर तोंड खाली आणि त्यातच त्यानं बकेट वर उचलली, टाकायला सोपं जावं म्हणून. मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं. मग दुसरं. दोन्ही चाकं हवेत सावकाश फिरत राहिली आणि ट्रॅक्टर नाकावर, ओढ्याच्या बाजूला, कलत गेला. साडूचा हात बकेट उचलायच्या दांड्यावर गोठला होता, आणि दांडा अजून वरच्याच बाजूला ओढलेला.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी लोडरवाल्याला आनंद झाला. अंगभर, गरम, लाज नसलेला आनंद. दुसऱ्या क्षणी त्यानं ओरडायला तोंड उघडलं.

ओरडली ती थोरली. "खाली सोडा! बकेट खाली! भाऊजी, दांडा पुढे!" ती ओरडत सरळ ट्रॅक्टरच्या दिशेनं धावली.

साडूनं दांडा ढकलला. बकेट धपकन खाली आली आणि मागची चाकं आदळली. साडू सीटवर उडून पुन्हा बसला. त्याची जीभ दातांत सापडली होती, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. धाकटी किंचाळत त्याच्याकडे गेली. काही लोक हसले, घाबरल्यावर हसतात तसे.

थोरली मात्र ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभी राहिली होती. रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"ड्रम कुठे आहे?"

त्यानं ओढ्याकडे पाहिलं.

"मी विचारतेय, ड्रम कुठे आहे?"

"राहिला," तो म्हणाला.

"राहिला?" ती म्हणाली. इतकी वर्षं त्या ड्रममध्ये दगड तिनंच भरले होते. जुना ट्रॅक्टर कामावर निघायचा त्या सकाळी दगड वेचायचे, भरायचे, वर तार आवळायची, हे तिचंच काम असायचं. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं बहिणीच्या दिराला बैलगाडी घेऊन पाठवलं, ड्रम आणवला, आणि सगळ्यांदेखत वाकून दगड भरायला लागली. लोडरवाला दगड घेऊन पुढे आला तर तिनं तो घेतला नाही. दुसरा उचलला.

ड्रम मागे टांगून झाल्यावर साडू जिभेला फडकं लावून म्हणाला, "दाजी, आता तुम्हीत बसा." त्याला च म्हणता येत नव्हता. पण रागाचा लवलेश नाही. "हे माझं काम नव्हे. मी उगात मिरवायला गेलो."

लोक बाजूला झाले. हेच तर लोडरवाल्याला हवं होतं, गेले कित्येक दिवस, निम्म्या गावासमोर. तो वर चढला. गुडघे पार छातीशी आले. क्लच त्यानं सवयीनं दणकून दाबला आणि सवयीनंच सोडला. ट्रॅक्टरनं उडी मारली आणि बंद पडला. पुन्हा सुरू केला. जुनं इंजिन मंद चालीवरही बकेट उचलायचं, ह्याचा पंप लहान, इंजिन पळतं ठेवल्याशिवाय बकेट जागची हलेना. ती हलेना म्हणून त्यानं दांडा मागेपुढे खेचला, मग रेस वाढवली, आणि बकेट एकदम झेपावून जमिनीत हातभर रुतली. पुन्हा बंद. घाम डोळ्यांत गेला. तिसऱ्यांदा त्यानं बांधाचाच लचका तोडला.

"जावईबापू," म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "शेत साफ करायचंय. विहीर नाही खणायची."

हशा पिकला. ठिणगीसुद्धा हसला.

थोरली ट्रॅक्टरजवळ आली. "उतरा," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण तो उतरला. तिनं पदर खोचला, चप्पल काढून बाजूला ठेवली, आणि वर चढून बसली. बसताना तिनं सीट पुढे ओढून घेतली, न बघता, हात आपसूक त्या खटक्यावर गेला. तेव्हा त्याला भिंतीपलीकडच्या दुपारचा अर्थ कळला.

तिनं इंजिन पळतं केलं, अनवाणी पावलानं क्लच अलगद सोडला, आणि बकेट गाळाला लावली. भरत आली तसं उचलण्याआधी तिनं बकेटीचं तोंड किंचित मागे कलवलं, आणि मगच वर घेतली. गाळाचं एक ढेकूळ सांडलं नाही. उतारावर तिनं बकेट जमिनीपासून वीतभरच वर ठेवली, आणि टाकायच्या जागी गेल्यावर उचलली. हसणारे पुढे सरकून बघायला लागले.

ते कलवणं त्याचं होतं. ती लकब दुसऱ्या कुणाची नव्हती. बकेट उचलण्याआधी जरा मागे घेणं, पाण्यानं भरलेली घागर कडेवर घेताना बाई अंग मागे घेते तसं, हे त्यानं स्वतः शोधलं होतं आणि कुणाला शिकवलं नव्हतं. ती इतकी वर्षं बांधावर बसून बघत होती म्हणजे.

साडू शेजारी येऊन उभा राहिला. "मी फक्त गिअर आणि क्लत सांगितला, दाजी," तो म्हणाला. "घरतीला शिकवत होतो तर ताई म्हणाल्या मला पण. बकेटीतं मी काय सांगणार? ते त्या घरूनत शिकून आल्या होत्या. तुम्हाला दाखवून थक्क करायतं होतं त्यांना."

लोडरवाल्यानं मान हलवली. त्याचा मत्सर आतापर्यंत ह्या माणसावर होता, ह्याच्या बुटांवर, ह्याच्या ट्रॅक्टरवर. आता तो मत्सर तिथून उठला आणि जिथे जायला नको तिथे जाऊन बसला. ती पुन्हा भरून आली, पुन्हा कलवलं, आणि त्याला वाटलं, एकदा तरी सांडावं.

घरी ती संध्याकाळी चुलीसमोर बसली तेव्हा तिचे हात आखडले होते, दिवसभराच्या धक्क्यांनी. तो भिंतीला टेकून होता. तो म्हणाला, "तू सांगितलं नाहीस."

"तुम्हीही नाही सांगितलं." तिनं लाकूड पुढे सरकवलं. "मी गाडी शिकत होते. तुम्ही माणूस मारत होतात."

"मारत नव्हतो. मला वाटलं थोडं नाक कापलं जाईल त्याचं."

"आणि मी? लोडर लागल्यापासून मी रोज त्यावर बसत होते. मागे काही नसताना. भाऊजींनी वीटभट्टीचा राडारोडा टाकून दिला होता अंगणात, तो उचलत होते. ड्रम तुम्ही शेतावरच लावणार असं धरून चालले मी."

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्या दुपारी भिंतीपलीकडे ती हसत होती तेव्हा मागची चाकं किती हलकी असतील हा विचार त्याला आता पहिल्यांदा आला. तो काहीतरी बोलायला गेला. "मला वाटलं, तू आणि तो..."

ती वळली. आधी तिला समजलं नाही. समजलं तेव्हा ती हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मग ती नुसतीच दमलेली दिसली.

"त्यांची मागणी आली होती तेव्हा नको असं मी म्हटलं होतं. बाबांनी नाही. कधी विचारलंत का?"

"का नको म्हटलंस?"

"फार बोलतात म्हणून." ती पुन्हा चुलीकडे वळली. "आता वाटतं, बोलणारा माणूस बरा असतो."

त्यानं जाऊन पाणी गरम केलं आणि तिच्यापुढे घमेल्यात ओतलं, हात शेकायला. तिनं हात बुडवले.

शेत पेरणीआधी मोकळं झालं. थोरलीनं केलं. मधल्या दिवसांत लोडरवाला रोज शेतावर गेला. पिनांना ग्रीस दिलं, पाइपाचा एक जोड गळत होता तो आवळला, आणि एका जोडावर केसाएवढी चीर दिसली तेव्हा काम थांबवून ठिणगीला बोलावलं. कुणी लक्ष दिलं नाही. एकदा तो साडूला म्हणाला, "त्या दिवशीचं... ड्रमचं... मला माहीत होतं." साडूची जीभ तोवर बरी झाली होती. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "मला कळलं होतं, दाजी. मी काही इतका येडा नाही." आणि चहाला न बोलावता निघून गेला.

म्हातारीनं शब्द पाळला. दोन्ही जावई बसले असताना थोरलीला म्हणाली, "शेत तू मोकळं केलंस, तूच कस. कुणाला हाताखाली घ्यायचं ते तुझं तू बघ."

पेरणी झाल्यावर एक दिवस सकाळी लोडरवाला दारात बसून कुदळीला दांडा बसवत होता. खालच्या अंगाचा एक शेतकरी आला. राम राम झाला. माणूस उभ्याउभ्या पाय बदलत राहिला.

"बसा की," लोडरवाला म्हणाला. "काय काम काढलंत?"

"आमच्या विहिरीकाठचा ढिगारा सरकवायचा होता. जागा अडचणीची आहे." त्यानं आत डोकावून पाहिलं. "वहिनी आहेत का घरात?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. लोडरवाल्यानं दांड्यावर हातोडीचा एक घाव घातला. मग आणखी एक.

"ती मोकळी नाही," तो म्हणाला.

"बरं, बरं. मग कुणीतरी दुसरा बघतो," असं म्हणून तो माणूस वळला आणि चालायला लागला. गल्लीच्या तोंडाशी पोचला. आणखी दोन पावलं टाकली असती तर भिंतीआड झाला असता.

"अहो!" लोडरवाल्यानं हाक मारली. "अहो, थांबा. आहे ती. घरातच आहे."

तो माणूस परत येऊ लागला. आतला भांड्यांचा आवाज थांबला आणि थोरली हात पुसत दारात आली.

"कोण आहे?"

लोडरवाल्यानं कुदळ बाजूला ठेवली आणि तिला वाट द्यायला उंबऱ्यावरून उठला.

"तुझ्याकडे काम आलंय," तो म्हणाला.